बल्ब चालू आहे ना?

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
रविवार, १६ मार्च

प्रिय प्रितम,

सप्रेम जय भीम.

तुझा मेल परवा मिळाला. एक एप्रिलला बाबांना त्या केंद्रात ठेवायचं, जिथे आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना कुलुपाच्या आत सांभाळतात. त्यासाठी दोन्ही मुलांच्या सह्या लागतात, तर माझी सही स्कॅन करून लगेच पाठव, असं तू लिहिलंयस. फॉर्म मी प्रिंट केला आहे. तो आत्ता माझ्या मांडीवर या कागदाखाली आहे, लिहायला टेकू म्हणून. सही केलेली नाही. तू फोनवर फोन करतो आहेस आणि मी उचलत नाही, म्हणून राधा वैतागली असेल. तिला सांग, तुझी नणंद रुसलेली नाही. मी तुला तीनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत कट केला. जे सांगायचं आहे ते तोंडातून बाहेर येत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. इथला आमच्या ओळखीचा यतीन शुक्रवारी नागपूरला निघतो आहे, त्याच्या हाती हे पाकीट देते. हे वाचून होईपर्यंत तूही कुठल्या कागदावर सही करू नकोस. आजपर्यंत माझं पुष्कळ ऐकलंस, एवढं अजून ऐक.

तुझ्या मेलमधली एक ओळ वाचून वाचून मला पाठ झाली आहे. बाबा दिवसभर झोपून असतात आणि जागे झाले की एकच विचारतात, उपासनाच्या घरचा बल्ब चालू आहे ना? डॉक्टरांनी तेही केसपेपरवर लिहून घेतलं आहे, आणि राधा त्यांना "हो बाबा, चालू आहे" म्हणते तेव्हा कुठे ते पुन्हा कूस वळवतात. ऐकणाऱ्याला ते बरळणंच वाटणार, त्यात तुमची काही चूक नाही. गेल्या रविवारी फोनवर त्यांनी मलाही तेच विचारलं. नात सियाची चौकशी नाही, जावई धर्मराजची नाही. मी "हो बाबा" म्हटलं तर म्हणाले, "मंग ठीक हाय," आणि फोन राधाच्या हातात देऊन टाकला. त्या बल्बबद्दलच मला लिहायचं आहे. पण त्यासाठी हा अख्खा हिवाळा सांगावा लागेल. ताईला मुद्द्यावर यायला किती वेळ लागतो ते तू लहानपणापासून सोसलंच आहेस.

आमचं घर तू फोटोत पाहिलंयस, बर्फात छान दिसतं. आत राहणाऱ्याला विचार. लाकडी, नव्वद वर्षांचं, फटीफटींतून वारा येणारं. इथल्या पुष्कळ जुन्या घरांसारखं ते तेलावर तापतं. तळघरात टाकी आहे, ट्रक येऊन ती भरून जातो, बॉयलर पाणी तापवतो आणि ते पाणी भिंतींच्या कडेच्या पाइपांतून सगळ्या खोल्यांत फिरतं. आणि या सगळ्याला हुकूम देणारा एकच थर्मोस्टॅट, खालच्या हॉलवेच्या भिंतीवर, बशीएवढा गोल. त्याच्यापाशी गार वाटलं की बॉयलर सुरू, त्याच्यापाशी ऊब वाटली की बंद. बाकीच्या खोल्यांत काय चाललं आहे ते त्याला कळत नाही.

ऑक्टोबरात धर्मराजची नोकरी गेली हे तुला माहीत आहे. अकरा वर्षं ज्यांच्याकडे राबला त्यांनी एका सकाळी त्याचा लॅपटॉप बंद करून टाकला. बाबांचं तिकीट तेव्हा काढून झालं होतं. आईला जाऊन चार महिने झाले होते, घर त्यांना खायला उठत होतं, आणि तू म्हणाला होतास, ताई, थंडीत कशाला नेतेस, उन्हाळ्यात ने. मी काय उत्तर दिलं होतं ते आठवतंय? मुलीचाही काही हक्क असतो म्हणाले होते. बाप तुझ्या एकट्याच्या नावावर आहे का म्हणाले होते. तुझं बरोबर होतं, प्रितम. हे तुला लेखी देते आहे, जपून ठेव, असं वारंवार मिळणार नाही.

मी काटकसरीला लागले की हात धुऊन मागे लागते. खिडक्यांना पातळ प्लास्टिक चिकटवलं आणि हेअर ड्रायरने ताणून बसवलं. दारांच्या फटींसाठी कापडाच्या लांब गुंडाळ्या शिवल्या आणि आत जुने कपडे ठासून भरले. ते कापड म्हणजे आईच्या दोन सुती साड्या, निळी आणि ती बारीक चौकड्याची. राधाने आठवण म्हणून मागितल्या तेव्हा मी सापडत नाहीत म्हणाले होते, त्याच. वरच्या दोन खोल्या बंद केल्या आणि आम्ही तिघं एका खोलीत, एका इलेक्ट्रिक ब्लँकेटखाली झोपायला लागलो. पोळ्या भाजून झाल्या की सगळ्यांनी स्वयंपाकघरात बसायचं, आंघोळ पाच मिनिटांत. थर्मोस्टॅट सहासष्टवर, म्हणजे आपल्याकडचे एकोणीस, आणि कोणी हात लावू नये म्हणून त्याच्यावर सेलोटेप. सिया म्हणायची, "मॉम, धिस इज नॉट अ हाउस, धिस इज अ फ्रिज." मी तिला म्हणायची, फ्रिजमधली भाजी टिकते.

आणि मला त्याचा अभिमान होता बरं का. इथे मराठी बायकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याच्यावर मी हिवाळ्यात तेल वाचवायच्या अकरा टिप्स टाकल्या. इकडून तिकडून वाचून जमवलेल्या, पण थाट असा की सगळा शोध माझाच. आमची ज्ञानदा, जी एका क्लिनिकमध्ये नर्स आहे, तिने टाळ्यांचे हात पाठवले. त्या टिप्स मी बाबांनाही जेवताना वाचून दाखवल्या, मराठीत सांगत सांगत. बाबा पोटभर हसले. ज्याने पस्तीस वर्षं कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी काढली, त्याला मी घर कसं गरम ठेवायचं ते शिकवत होते. दोन-तीन टिप्सना त्यांनी मान डोलावली, एक-दोन मला नीट समजावून सांगितल्या. आले तेव्हा बाबा असे होते, प्रितम, हे तू डोळ्यांपुढे ठेव. पहिल्या आठवड्यात त्यांनी तळघरात जाऊन बॉयलरचा आवाज ऐकला आणि सांगितलं की याचा पंप दोन वर्षांत जाईल. सियाला चुकत चुकत इंग्रजीत शिट्टीच्या कुकरची गोष्ट सांगितली. रोज सकाळी पूर्ण बुद्धवंदना, एकही ओळ न चुकता.

त्यांना खालची खोली दिली होती, गुडघ्यांमुळे. ती पूर्वी पडवी होती, आधीच्या मालकाने तिला भिंती घातल्या. उत्तरेची, तीन बाजूंनी उघड्यावर. तिथे त्यांनी एक फळी मांडली, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि आईचा तो पिवळ्या साडीतला फोटो. आईपुढे काहीतरी तेवत राहावं अशी त्यांची इच्छा होती. लाकडी घरात धर्मराज मेणबत्तीला घाबरतो, म्हणून मी तळघरातून होल्डर आणला. बल्बही तिथलेच, मालकाने खोकंभर सोडून दिलेले तारेचे जुने पिवळे बल्ब, चाळीस आणि साठ वॅटचे. हल्ली दुकानात मिळत नाहीत तसे. बाबांना ते फार आवडले. या बल्बला जीव असतो म्हणाले, हात जवळ नेला तर कळतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेलाचा ट्रक येऊन गेला. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात माझं आणि धर्मराजचं भांडण झालं. बाबा जेवून आपल्या खोलीत गेले होते. धर्मराज म्हणत होता, एवढं सगळं करूनही टाकी कशी संपते? आणि मी म्हणाले, आपण सगळे बाहेर असतो तेव्हा घर थंड ठेवता आलं असतं, पण एक माणूस दिवसभर घरात असतो, त्याच्या एकट्यासाठी दिवसभर घर तापवावं लागतं. हळू आवाजात म्हणाले होते. त्यांच्या दाराला मी माझ्या हाताने गुंडाळी लावली होती, ती वारा अडवते, आवाज अडवत नाही. दोन दिवसांनी मी हॉस्पिटलच्या लॅबमधून आले तर फळी खोलीतून बाहेर आली होती. बाबांनी ती हॉलवेत ठोकली होती, बरोब्बर थर्मोस्टॅटच्या खाली, आणि बल्बचा होल्डर त्याच्या शेजारी. मी विचारलं तर म्हणाले, इथं येता-जाता सगळ्यांचे हात जोडले जातील. मला बरं वाटलं. मी फोटो काढून तुला पाठवलासुद्धा, तू त्यावर निळं हृदय पाठवलं होतंस.

त्यानंतर टाकीची सुई हलेना. धर्मराज रोज तळघरात जाऊन बघायचा आणि वर येऊन खूश होऊन सांगायचा. मी म्हणाले, बघ, माझं प्लास्टिक, माझ्या गुंडाळ्या. घरात गार वाटायचं, पण हॉलवेत काटा सहासष्टवर दिसायचा, म्हणून आम्ही म्हणायचो की आपणच नाजूक झालो, आणि आणखी एक स्वेटर चढवायचो. आम्ही तरी दिवसभर बाहेर. मी लॅबमध्ये, सिया शाळेत, धर्मराज लायब्ररीत बसून अर्ज भरत. तिथे सरकारी खर्चाची ऊब. बाबा घरी.

नाताळच्या सुमारास बाबा बदलायला लागले. हळू बोलायला लागले, शब्द तोंडात घोळवत. कपाची दांडी त्यांना धरवेना, दोन कप फुटले. सियाला उपासना म्हणायला लागले. एकदा दुपारी शेजारच्या बाईने त्यांना अंगणात पाहिलं, बर्फात, चपला घालून, आणि विचारलं तर त्यांना सांगता येईना कुठे निघालेत ते. मला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती एका सकाळी, पंचशील म्हणताना ते मध्येच थांबले तेव्हा. सहा वर्षांचे असल्यापासून जे म्हणतात, ते पुढे आठवेना. फळीसमोर तसेच उभे राहिले, आणि मग म्हणाले, "राहू दे आज." मी ज्ञानदाला फोन केला. ती म्हणाली, या वयात असं सुरू होतं, बायको गेली की लवकर सुरू होतं. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये या तपासण्या बसत नाहीत. त्याच आठवड्यात मी तुला फोन करून ओरडले की हे नागपूरलाच सुरू झालं असणार, आणि तुम्ही दोघांनी लक्ष दिलं नाही. नंतर राधा म्हणाली की तू त्या दिवशी जेवला नाहीस.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी सकाळी फळीवरचा बल्ब गेला. मी म्हटलं आणू उद्या खालून, आणि विसरले. त्याच दिवशी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. पाइप टकटक वाजत होते, तळघरात बॉयलर धडधडत होता. बुधवारी सियाने स्वेटर काढून फेकला. गुरुवारी मी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात उभे राहून पोह्यांचा चिवडा करत होते, दाणे वेगळे तळून, आई करायची तसा. सियाला पाइपावर हात ठेवायला लावून पाच आकडे मोजायला शिकवत होते, हात किती वेळ टिकतो त्यावरून आत पाणी किती तापलं आहे ते सांगायचं. तिला सिया म्हणाले. सिया धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॉम, आजोबा इज बॅक!" शुक्रवारी सकाळी मी दाराआड उभी राहून ऐकलं, पंचशील अगदी शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता.

धर्मराज तळघरातून काळवंडलेला चेहरा घेऊन वर आला, चार दिवसांत सुई एवढी खाली कशी म्हणून. त्याला वाटलं बाहेर थंडीची लाट आहे. मला तेव्हा कळलं. माझ्या त्या अकरा टिप्सपैकी सातवी टीप तुला सांगते. थर्मोस्टॅटच्या जवळ दिवा किंवा टीव्ही ठेवू नका, त्याला वाटतं घर गरम आहे, आणि हीटिंग सुरूच होत नाही. मीच टाकली होती, दोन स्मायली लावून. आणि टीप कशाला हवी? लॅबमध्ये रोज सकाळी माझं पहिलं काम इन्क्युबेटरची तापमानं बघायचं. काट्याजवळ काही गरम ठेवायचं नाही, तो आपल्याशी खोटं बोलायला लागतो, हे मी नव्या मुलींना शिकवते. दीड महिना माझ्याच घरात आईच्या फोटोपुढचा बल्ब थर्मोस्टॅटला फसवत होता आणि बाबांची खोली गारठत होती, आणि खोलीबरोबर त्यांचं डोकंही. मी काय केलं पाहिजे होतं ते सियाही सांगेल. फळी दुसऱ्या भिंतीवर न्यायची. दोन खिळ्यांचं काम.

शनिवारी काय झालं ते मी शेवटी लिहिणार आहे. आत्ता हात पुढे जात नाही.

फळी तिथेच राहिली आणि फेब्रुवारीत बाबा पुन्हा तसे झाले, आधीपेक्षा वाईट. मी माझ्या लॅबमधलं एक थर्मामीटर त्यांच्या खोलीत एकदाच ठेवून बघितलं. एक्कावन्न. आपल्याकडचे साडेदहा, आणि तेही दुपारी. मी त्यांना आणखी एक रजई दिली, गरम पाण्याची पिशवी दिली, कानटोपी दिली, आणि स्वतःला म्हणाले, एवढा एकच महिना, धर्मराजला नोकरी लागेपर्यंत. विजेचा छोटा हीटर आणायला दुकानात गेले आणि वीजबिल आठवून परत आले. ते खुर्चीत बसलेले असायचे, हात काखेत घालून, आणि मी आले की उठायचा प्रयत्न करायचे. मला त्यांच्याकडे बघवेना. खरं सांगते, म्हणूनच मी त्यांना लवकर परत पाठवलं. तुला सांगितलं की सिया घाबरते, माझी नोकरी आहे, आम्हाला सांभाळणं होत नाही. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला मी सांगितलं, ही इज कन्फ्यूज्ड. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आणि तुझ्या डॉक्टरांसाठी मी तीन पानं लिहून दिली. कप फुटले, नावं चुकतात, बर्फात गेले, पंचशील विसरले. तारखांसकट. लॅबवाली बाई ना मी, किती व्यवस्थित लिहिलं होतं. त्या पानांत मंगळवार ते शनिवार नाही. घरातल्या थंडीचा एक शब्द नाही. त्या पानांवरून त्यांनी गोळ्या सुरू केल्या, आणि आता त्या गोळ्यांनी बाबा दिवसभर झोपतात, आणि झोपतात म्हणून त्यांना कुलुपात ठेवायचं. पायरी पायरीने मी त्यांना तिथपर्यंत आणलं आहे, तू फक्त शेवटच्या पायरीवर उभा आहेस.

बाबा नागपूरला परतले त्याच्या नवव्या दिवशी धर्मराजला नोकरीचं पत्र आलं. आता घर बहात्तरवर असतं. सिया टी-शर्टमध्ये फिरते. मला ती ऊब अंगाला लागू द्यावीशी वाटत नाही. हे मी बाबांच्या खोलीत बसून लिहिते आहे, दार लावून, पाइपाची चावी बंद करून. पेन धरलेली बोटं आखडली आहेत, आणि मी फक्त दुपारपासून इथे आहे. धर्मराजला यातलं काहीच माहीत नाही. पाकीट बंद करण्याआधी त्याला वाचायला देणार आहे. मग तो काय म्हणेल ते म्हणो.

तर शनिवार. सकाळी सिया स्केटिंगला गेली होती आणि धर्मराज तिला घेऊन. मी तळघरात गेले, खोक्यातून चाळीसचा बल्ब काढला आणि फळीपाशी आले. प्रितम, मला कळलेलं होतं. विसरून नाही, चुकून नाही. चार दिवस माझे बाबा मला परत मिळाले होते, आणि ते का मिळाले ते मला माहीत होतं, आणि तरी मी बल्ब घेऊन उभी होते, कारण टाकीची सुई खाली गेली होती. बाबा आपल्या खोलीतून बाहेर आले. हसतमुख, दाढी केलेले, आपल्या दोघांच्या लहानपणचे बाबा. त्यांनी माझ्या हातातला बल्ब बघितला, मग थर्मोस्टॅटकडे बघितलं, मग माझ्याकडे. तळघराचा जिना उतरले, ते गुडघे घेऊन, आणि दुसरा बल्ब घेऊन वर आले. माझ्या हातातला काढून घेतला आणि तो ठेवला. म्हणाले, "चाळीसचा नको, माय. साठचा लाव. फरक पडते थोडासा." मी लावला. त्यांनी आईच्या फोटोपुढे हात जोडले, स्वेटर चढवला, खोलीत गेले आणि आतून दार लावून घेतलं. ती फळी त्यांनी हॉलवेत का आणली होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि मला कळलं आहे हे त्यांनाही कळलं. आम्ही दोघांनीही त्यावर परत एक शब्द काढला नाही. मी हे लिहिते आहे ते मन हलकं करायला नाही. ते होणार नाही, आणि होऊ नये. माझी ती तीन पानं डॉक्टरांच्या फाइलमधून काढायला लाव आणि त्यांच्या जागी हे पत्र लाव, सगळं, काही न गाळता, त्यांना काय वाटायचं ते वाटो. कदाचित बाबा खरंच विसरत असतील. मला ते आता कधीच कळणार नाही, कारण मी त्यांना थंडीत बसवून पारखलं. पण फॉर्मवर मी सही करणार नाही. आणि त्यांनी पुन्हा विचारलं तर राधाला म्हणावं, हो चालू आहे म्हणू नकोस. ते ऐकून ते निश्चिंत झोपतात ना, ते माझं तेल वाचतंय म्हणून. त्यांना सांग, उपासनाने बल्ब काढला, घर गरम आहे. मग ते काय म्हणतात ते मला कळव, काहीही म्हणाले तरी.

तुझीच,
ताई